‘काही नाही’ म्हणणाऱ्या मित्राजवळ कसं बसावं

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या नवी पेठेत कॉट बेसिसवर तिघं राहता. त्यातला एक मराठवाड्यातला, वय ३१. राज्यसेवेची मुख्य परीक्षा तिसऱ्यांदा चार-पाच मार्कांनी हुकली. निकालानंतर दोन महिने झाले, तो अभ्यासिकेत फिरकलेला नाही. दिवसभर कॉटवर पडून मोबाइल बघतो, रात्री जागा असतो, घरून फोन आला की उलटा करून ठेवतो. तू त्याला ‘होईल रे पुढच्या वेळी’ म्हणालास, आठव्या प्रयत्नात पोस्ट काढलेल्यांची उदाहरणं दिलीस, प्रेरणादायी रील पाठवलेस, प्लॅन बी सुचवलास. एकदा तो फाडकन म्हणाला, ‘तुझी पूर्व निघाली म्हणून मला शिकवू नको.’ तेव्हापासून तुझी बोलायची हिंमत होत नाही आणि तू विचारतोस, ‘मी नेमकं काय बोलू?’

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीवर येते. मी पुण्यातल्या एका हेल्पलाइनवर सतरा वर्षं स्वयंसेवक आहे, गेली काही वर्षं नव्यांना शिकवतेही. त्याआधी शाळेत शिक्षिका होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण ऐकायला शिकताना सगळ्यात जास्त वेळ आम्हा शिक्षकांना लागतो. मुलाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक दिसायची सवय असते ना! दुसरा नंबर इंजिनियरांचा.

तू सांगितलेलं एकही वाक्य वाईट हेतूनं आलेलं नाही. पण ‘होईल रे’ म्हटल्यावर नेमकं कोणाला बरं वाटतं, हे एकदा प्रामाणिकपणे बघ. तुला वाटतं. तूही त्याच रांगेत उभा आहेस. तुझी मुख्य अडीच महिन्यांवर आहे, आणि समोरच्या कॉटवर जे पडलंय ते तुझंही होऊ शकतं. ते बघवत नाही, म्हणून घाईघाईनं त्यावर पांघरूण घालावंसं वाटतं. सल्ला हे बहुतेक वेळा असं पांघरूण असतं. समोरच्याला हे लगेच कळतं. त्याला ऐकू येतं ते इतकंच, की याला माझं दुःख सोसत नाहीये, याच्यासमोर ते काढण्यात अर्थ नाही. मग तो म्हणतो, ‘काही नाही.’

म्हणजे ‘काय बोलू’ हा तुझा प्रश्न थोडा बाजूला ठेव. त्याच्याजवळ बसल्यावर तुझ्या आत जी चुळबुळ होते, ती पंधरा मिनिटं सोसता येईल का, तिथून आपण सुरू करू. बाकीचं तंत्र त्यानंतरचं, आणि ते फार अवघड नाही.

आमच्या प्रशिक्षणात एक जुनी गोष्ट मी दर बॅचला सांगते. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या धर्मगुरूंनी जीव नकोसा झालेल्यांसाठी एक फोन सुरू केला. लोक फोन करू लागले, चर्चमध्ये येऊन बसूही लागले. सगळ्यांना भेटायचं होतं वारांना. रांगेतल्यांना चहा द्यायला, सोबत करायला काही साधी माणसं मदतीला आली. थोड्याच महिन्यांत वारांच्या लक्षात आलं, की बरेच जण त्या चहावाल्यांशीच बोलून मोकळे होतात आणि आपल्याला न भेटताच घरी जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी लोकांचं ऐकण्याचं काम त्या स्वयंसेवकांवर सोपवलं. समॅरिटन्स ही संस्था अशी उभी राहिली. चहा देणाऱ्यांकडे उत्तरं नव्हती. उत्तरं नसल्यामुळेच बहुधा ती माणसं मध्ये तोंड घालत नसावीत, असं मला नेहमी वाटतं.

आता तुझ्या खोलीकडे येऊ.

पहिली गोष्ट, खोलीत बोलू नकोस. तिसरा पार्टनर कानात इअरफोन घालून बसला असला तरी तो आहेच. समोरासमोर बसूनही नको. नजरेला नजर भिडली की त्याला मुलाखतीच्या पॅनेलसमोर बसल्यासारखं वाटेल, आणि ते टेबल तर त्याच्या वाट्याला आलंच नाही. शेजारी शेजारी चालत, टपरीवर कट्ट्याला टेकून, गाडीवर मागे बसून पुरुष माणसं जास्त बोलतात, हा माझा सतरा वर्षांचा अनुभव आहे. फोनवरही तेच होतं, तोंड दिसत नाही म्हणून बोलणं सुटतं.

सुरुवात करताना जे डोळ्यांना दिसलं तेवढंच सांग, त्यावर तुझा निष्कर्ष चिकटवू नकोस. ‘तू डिप्रेशनमध्ये आहेस’ असं म्हणू नकोस. ‘दोन महिने झाले, तू अभ्यासिकेत येत नाहीस. बाबांचा फोन वाजतो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करतोस. मला काळजी वाटते रे. बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तर नुसता चहा घेऊ.’ एवढंच. आणि मग गप्प. खरोखर गप्प. नव्या स्वयंसेवकांना आम्ही घड्याळ लावून शांत बसवतो. त्यांना वाटतं दोन मिनिटं झाली, प्रत्यक्षात वीस सेकंद झालेले असतात.

तो म्हणेल, ‘काही नाही रे.’ आपल्याकडे ‘काही नाही’चा अर्थ बहुतेक वेळा ‘दार लोटलंय, कडी लावलेली नाही’ असा असतो. ढकलू नको, पण निघूनही जाऊ नको. ‘बरं’ म्हण आणि तिथेच उभा राहा.

समज तो बोलायला लागला. म्हणाला, ‘घरी कुठल्या तोंडानं जाऊ?’ इथे तुझ्या जिभेवर येईल, ‘अरे घरचे आपलेच असतात, काही म्हणणार नाहीत.’ ते गिळ. त्याऐवजी त्याचाच धागा त्याच्या हातात परत दे. ‘घरी जायचं टेन्शन निकालापेक्षा मोठं झालंय.’ बस. तो एक तर ‘हो ना’ म्हणून पुढचं सांगेल, नाहीतर ‘घरच्यांचं नाही रे, गावातल्यांचं’ असं दुरुस्त करेल. दुरुस्त केलं तर आनंदच, कारण आता तो स्वतःच्या मनात नीट बघतोय. तुझा अंदाज बरोबर यायलाच हवा असं अजिबात नाही.

इथे एक सावधगिरी. समुपदेशनाची पुस्तकं वाचून काही जण अशी मराठी बोलायला लागतात: ‘मी तुझ्या भावनांचा आदर करतो.’ ‘तुला दुःखी वाटत असल्याचं मला जाणवतंय.’ असं आपल्याकडे कोण बोलतं? तुझ्या पार्टनरला वाटेल तू त्याच्यावर काहीतरी प्रयोग करतोयस. तुमच्या खोलीतल्या भाषेत बोल. ‘लय जिवाला लागलंय ना?’ यात तो सगळा आदर आणि जाणवणं येतं. शब्दाला शब्द पोपटासारखा परत म्हणू नकोस, ती चेष्टा वाटते. आणि ‘का’ कमीत कमी वापर. ‘फोन का घेत नाहीस?’ हा हेडमास्तरांचा प्रश्न आहे, त्याला उत्तर म्हणून सबबच येते. ‘फोन वाजतो तेव्हा काय होतं तुला?’ याला उत्तर म्हणून माणूस येतो.

आता खरी परीक्षा. तो कदाचित असं काही सांगेल जे तुला पटणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या निकालाबद्दल घरी खोटं सांगितलंय, मित्रांकडून पंचवीस हजार हातउसने घेतलेत, वडिलांनी एक एकर गहाण टाकून पैसे पाठवले आणि त्यातले काही ऑनलाइन गेममध्ये घालवले. स्पर्धा परीक्षांच्या मुलांकडून मी हे तिन्ही ऐकलेलं आहे, वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या आवाजांत. त्या क्षणी तो तुझ्या शब्दांपेक्षा चेहरा वाचणार. तुला राग आला, धक्का बसला, तर ते साहजिक आहे. तो राग तुझा तुझ्याकडे ठेव, रात्री वहीत लिही हवं तर. त्याच्यासमोर एवढंच: ‘हे इतके दिवस एकटाच घेऊन फिरत होतास?’ निवाडा न करणं म्हणजे त्यानं केलं ते बरोबर आहे असं म्हणणं नव्हे. खटला आत्ता सुरू नाहीये, इतकंच. आणि खरं सांगू, तो खटला त्याच्या डोक्यात रोज रात्री दोन ते चार चालूच असतो. न्यायाधीश तोच, आरोपी तोच. तिथे आणखी एका वकिलाची गरज नाही.

एक वाक्य मात्र मी तुला बजावून सांगते, कधीही म्हणू नकोस: ‘आईबापाचा विचार कर.’

हे मी स्वतः म्हटलंय. हेल्पलाइनवर माझं दुसरंच वर्ष होतं. मुलाची ओळख पटेल असं काही सांगत नाही, पण प्रसंग साधारण तुझ्या मित्रासारखाच. मला वाटलं, आईवडिलांची आठवण काढली की त्याला जगायला कारण मिळेल. तो थोडा वेळ शांत राहिला आणि म्हणाला, ‘त्यांचाच तर विचार करतोय, मॅडम. मी नसलो तर त्यांचा खर्च वाचेल.’ आणि फोन ठेवला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. आमच्या कामात पुढचं कळत नाही, त्याची सवय करावी लागते. त्या रात्री मला समजलं, की जे ओझं तो खाली ठेवायला आला होता, तेच मी उचलून पुन्हा त्याच्या डोक्यावर दिलं. आपल्या मराठी घरांत कर्तव्याची जाणीव कमी पडते म्हणून मुलं खचत नाहीत. ती जाणीव नको इतकी असते.

यावरून एक महत्त्वाचं. दोन महिने झोप उलटीपालटी, घराशी बोलणं बंद, कॉट सोडवत नाही. अशा वेळी जिवाचा प्रश्न विचारायलाच हवा, आणि सरळ शब्दांत विचारायला हवा. ‘असलं काही डोक्यात नाही ना तुझ्या?’ हा प्रश्न नव्हे, ती ‘नाही’ म्हणण्याची विनंती आहे. विचार असं: ‘इतका त्रास होतोय, तर जगूच नये असं मनात येतं का? आत्महत्येचा विचार येतो का?’ विचारल्यामुळे नसलेला विचार मनात शिरतो, ही भीती खोटी आहे. संशोधन आणि आमचा अनुभव दोन्ही याबाबतीत एकच सांगतात: बहुतेकांना हायसं वाटतं, की कोणीतरी तो शब्द मोठ्यानं उच्चारला.

तो ‘हो’ म्हणाला, तर घाबरून भाषण सुरू करू नकोस, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथही घेऊ नकोस. कसं, कधी असं काही ठरवलंय का, हे शांतपणे विचार. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. ज्यानं इजा होईल अशी वस्तू खोलीत ठेवायची नाही, त्याच रात्री दुसऱ्या माणसाला सामील करून घ्यायचं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. फोन त्यानंच करायला पाहिजे असं नाही, काळजीत पडलेला मित्र म्हणून तूही कर. क्षण नाजूक वाटला तर ११२ किंवा सरळ जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. पोलीस केस होईल या धास्तीनं मुलं हे लपवतात, म्हणून कायद्याचंही सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर येते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही.

तो ‘नाही’ म्हणाला तरी दोन महिने हा काळ थोडा नाही. झोप आणि भूक अशी बिघडलेली असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. फक्त ते सुचवताना ‘तू डॉक्टरकडे जा’ असं म्हटलंस तर त्याला वाटेल, यानंही हात झटकले. ‘मी आहेच, शिवाय झोपेचं एकदा दाखवू. मी येतो सोबत’ असं म्हण. ससूनमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे. केसपेपर काढण्यापासून रांगेत त्याच्याबरोबर उभा राहा. त्या रांगेत होणारं बोलणंही कमी मोलाचं नसतं.

सल्ला कधीच द्यायचा नाही का, असं मला प्रत्येक बॅचमध्ये विचारतात. द्यायचा, पण उशिरा. झिंबाब्वेत हरारेच्या एम्बारे भागात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ च्या सुमाराला चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. तिथे लोक नैराश्य असा शब्द वापरत नाहीत, ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार होणं. आपल्याकडच्या ‘डोक्यात चक्र फिरतं’ची सख्खी बहीण! त्या आज्या अडचणीवर तोडगा काढायला मदत करतातच, पण त्यांच्या पद्धतीची पहिली पायरी आहे मन उघडणं. तोडग्याचा नंबर त्यानंतर. २०१६ साली या बाकांचा अभ्यास अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला, आणि सहा महिन्यांनी बाकावर येऊन बोललेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा बराच कमी आढळला. लांब कशाला, गोव्यात संगाथ या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच करून दाखवलंय, आणि अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांतही अशा तऱ्हेचं काम झालंय.

तुझा मित्र ‘मग काय करू मी?’ म्हणेल तेव्हा पहिल्या वेळी तो प्रश्न नसून सुस्कारा असतो. ‘तुझ्या मनात काय काय येऊन जातं?’ असं विचार आणि ऐक. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा त्यानं तुझ्याकडे बघून विचारलं, तर तो खरा प्रश्न. तेव्हाही प्लॅन बी काढू नकोस. उद्या सकाळी आंघोळ करून नाश्त्याला जायचं, कटिंग करायची, बहिणीला एक फोन लावायचा आणि तू शेजारी बसायचंस. पडलेल्या माणसाला आधी हालचाल हवी असते, दिशा नंतर मिळते.

राज्यसेवा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाबद्दल तो बोलेल, बोलू दे. मुख्य परीक्षेची वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची पद्धत आधी लगेच लागू होणार होती, मग आंदोलनानंतर २०२५ वर गेली. २०२४ ची पूर्व २५ ऑगस्टला होती, ऐन वेळी पुढे ढकलली, १ डिसेंबरला झाली. ३१ व्या वर्षी असे तीन-चार महिने गेले की काय वाटतं हे तुला मी सांगायला नको. त्याच्या दुःखातलं सगळं काही त्याच्या मनाचा खेळ नाही. पण तुम्ही मुलं या विषयावर दोन तास सहज काढता आणि त्यात स्वतःबद्दल एक अक्षर येत नाही. पंधरा मिनिटं शिव्या घालून झाल्या की हळूच विचार, ‘आणि तुझं काय चाललंय आत?’

‘तुझी पूर्व निघाली म्हणून’ हे त्याचं वाक्य तुला लागलंय, ते तुझ्या लिहिण्यात दिसतं. तो टोमणा खरा होता, आणि त्यात तुझा दोष काही नव्हता. पुन्हा निघाला तर ‘हो, माझी निघाली, तुझी मुख्य राहिली. हे आपल्या दोघांत अवघड झालंय खरं’ असं म्हणून टाक. जे खोलीत सगळ्यांना दिसतंय त्याला नाव दिलं की त्याचा वास जातो.

शेवटी तुझ्याबद्दल. तुलाही परीक्षा आहे. रोज रात्री दोन वाजेपर्यंत ऐकत बसलास तर आठवड्यात त्याचा राग यायला लागेल, आणि मनात राग धरून केलेलं ऐकणं न ऐकण्यापेक्षा वाईट. आधीच सांग, ‘पावणेअकरापर्यंत मी तुझ्याबरोबर, मग मला वाचायचंय.’ घड्याळ चोरून बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आमच्या हेल्पलाइनवर शिफ्ट संपली की घरी जाण्याआधी दहा मिनिटं एकमेकांशी बोलायचा नियम आहे. कुठला फोन अडकून बसलाय ते सांगायचं. तुलाही असं कोणी हवं, पण तिसरा पार्टनर किंवा अभ्यासिकेतला ग्रुप नको. तिथे गेलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे परत येते. आणि तू एकटाच त्याचा आधार होऊ नकोस. ‘अजून कुणाला हे सांगावंसं वाटतं का?’ असं अधूनमधून विचारत राहा. बहुतेक वेळा एखादी बहीण, मामा, गावाकडचा शाळेतला मित्र निघतोच.

रील पाठवणं मात्र आजपासून बंद. रविवारी संध्याकाळी तुमची मेस बंद असेल, बाहेर जेवावंच लागेल. तिसऱ्याला काहीतरी काम काढून दे, आणि तुम्ही दोघंच चालत जा, जरा लांबच्या खाणावळीत.